दोनदा वाजवलं की थांबायचं

व्हर्लिन टॉस्ट्रुडला तो ट्रक मीच घ्यायला लावला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी आडून आडून विचारायला नको. केलर गावात एक्केचाळीस वर्षं माझं गॅरेज होतं. आसपासच्या साठ मैलांत कोणाला ट्रक घ्यायचा असला की तो आधी मला विचारायचा, आणि घेतल्यावर काही बिघडलं की मलाच शिव्या घालायचा. व्हर्लिननं कधी शिवी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं.

व्हर्लिन गावाच्या उत्तरेला बावीस मैलांवर राहायचा. साउथ डाकोटाच्या या कोपऱ्यात बावीस मैल म्हणजे शेजारच. वय शहात्तर, अंगानं काटकुळा, पँट पोटावर धरायला दोन पट्टे, त्यातला एक कायम सुटलेला. बोलणं असं नव्हतंच. गॅरेजात येऊन खिशात हात घालून तासभर उभा राहायचा, मी बोललेलं सगळं ऐकायचा आणि जाताना म्हणायचा, "हं." त्या एका 'हं'मध्ये काय काय असायचं ते कळायला मला दहा वर्षं लागली. वाकडे खिळे सरळ करून कॉफीच्या डब्यांत साठवायचा. असे अठ्ठावीस डबे मी स्वतः मोजलेत. एवढे खिळे कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "लागतील."

त्याची बायको आर्लिस अगदी उलट. तोंडानं फटकळ, हसणं असं की कुरणाच्या पलीकडून ऐकू यावं. मला म्हणायची, "रॉयस, तू लग्न केलं नाहीस ते एका बाईवर उपकारच केलेस." आणि वर ताटात आणखी एक लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, वाढायची, लोणी आणि साखर लावून.

त्यांच्याकडे नव्वद गायी होत्या. डिसेंबर ते मेपर्यंत जमिनीवर खायला काही नसतं, तेव्हा रोज सकाळी ट्रकच्या हौद्यात गवताचे गठ्ठे भरायचे आणि कुरणात नेऊन टाकायचे. टाकायचे म्हणजे एका जागी नाही. एका जागी टाकलं तर गायी तुडवून नासाडी करतात. ट्रक चालीच्या वेगानं पुढे सरकत राहिला पाहिजे आणि मागे उभं राहून सुतळी कापत, थर सोडवत, लांबच लांब ओळ टाकली पाहिजे. म्हणजे माणसं दोन लागतात, एक पुढे आणि एक मागे. चव्वेचाळीस वर्षं पुढे आर्लिस आणि मागे व्हर्लिन. खुणा ठरलेल्या. मागून टपावर एकदा थाप मारली की निघायचं, दोनदा मारली की थांबायचं. वाऱ्यात हाका कोणाला ऐकू येतात? मला तर वाटतं त्या दोघांचं लग्नातलं निम्मं बोलणं त्या टपावरच झालं असेल.

मग आर्लिस विसरायला लागली. आधी चुलीवरचं भांडं, मग दिवस, मग माणसं. एकदा शून्याखाली वीस असताना झोपायच्या कपड्यांत अंगणाबाहेर निघाली होती, तेव्हापासून व्हर्लिन तिला एकटी सोडायचा नाही. गायींना घालायला जाताना शेजारच्या सीटवर बसवायचा, मांडीवर घोंगडी, हातात गरम कॉफी. आणि पुढे कोणी नाही म्हणून तेच करायचा जे आमच्याकडे एकटा पडलेला प्रत्येक जण करतो. ट्रक आजीगिअरमध्ये टाकायचा, म्हणजे सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत हळू गिअरमध्ये. क्लच सोडायचा, दार उघडून खाली उतरायचा आणि चालत्या ट्रकच्या मागून हौद्यात चढायचा. ट्रक आपला आपण जात राहतो. चाकं जुन्या चाकोरीत बसलेली असतात, वळायचं झालं तर उतरून, धावत जाऊन, स्टिअरिंगला एक हिसका द्यायचा आणि परत मागे. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे शाळेत जायच्या आधी पोरं हे शिकतात.

हे असं होतं तोवर सगळं चाललं होतं. व्हर्लिन एकटा गायींना घालू शकत होता, म्हणून गायी होत्या. गायी होत्या म्हणून तो तिथे राहत होता. आणि तो तिथे राहत होता म्हणून आर्लिस घरी होती, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या खिडकीशी. मुलगा टॉड ॲरिझोनात. तो दर रविवारी फोनवर एकच पाठ म्हणायचा, "बाबा, गायी विका, आईला केलरच्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवा." व्हर्लिन म्हणायचा, "हं." हा 'हं' म्हणजे मी मेल्यावर.

त्याचा ट्रक त्र्याऐंशी सालचा. ऑक्टोबरात तो माझ्याकडे आला तेव्हा मधून वाकला होता. मी खाली शिरलो आणि शिरल्या शिरल्याच तोंडातून शिवी निघाली. ट्रकखालची लोखंडी चासी गंजून पापुद्रे सुटले होते, उजवीकडे तर आरपार तुटली होती. तीनदा मीच तिला ठिगळं लावली होती. आता ठिगळ लावायला लोखंडच उरलं नव्हतं.

"इंजिन कसंय?" त्यानं विचारलं.

"इंजिन आणखी वीस वर्षं जाईल. पण कशावर बसवू? तुझ्या खांद्यावर?"

बराच वेळ तो ट्रकच्या पुढच्या दिव्यावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "दुसरा असाच मिळेल?"

शोधलं की! तीन राज्यांत फोन केले. तसले ट्रक आता दोनच ठिकाणी सापडतात, म्हाताऱ्यांकडे नाहीतर हौशी लोकांकडे. म्हातारे विकत नाहीत आणि हौशी लोक रंग लावून मिरवणुकीत नेतात. तीन पाहिले, तिन्हींची हाडं गेलेली. तेव्हा मी म्हणालो, "व्हर्लिन, नवा घे. एकदाच घे, नीट बघून घे, म्हणजे तुझ्या हयातीत परत माझं तोंड बघायला नको."

मग तीन आठवडे आमचा तो उद्योग. बियाण्याच्या दुकानाचं जुनं कॅलेंडर उलटं करून त्यानं दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'टिकेल', दुसऱ्यावर 'शहाणा'. दोन कंपन्यांचे दोन ट्रक. दोन्ही मोठे, दोन्ही नवे कोरे. शहाण्या ट्रकात भिंतीएवढी स्क्रीन, पाच कॅमेरे, मागे ट्रेलर जोडला तर तो स्वतः उलटा जाऊन लावणार, रस्त्याची रेघ ओलांडली तर चाक स्वतः वळवणार, आणि इंजिन लहान पण हवा कोंबून मोठ्याचं काम करणारं. टिकेलवाल्यात जुन्या पद्धतीचं मोठं, सुस्त इंजिन, साधी रबरी चटई, साधी सलग सीट. त्यातसुद्धा स्क्रीन होतीच, तळहाताएवढी. स्क्रीन नसलेला ट्रक आता बनतच नाही बहुतेक.

मी एकेक मुद्दा समजावून सांगायचो. "हे बघ, हवा कोंबणारं यंत्र म्हणजे आणखी एक बिघडायची जागा. कॅमेरा म्हणजे आणखी एक. तुझ्या अंगणातल्या चिखलात पाचही कॅमेरे दोन दिवसांत आंधळे होतील. हे इंजिन मी तीन लाख मैलांनंतर उघडलंय, आतून चकचकीत!" तो लिहून घ्यायचा. गंज लागू नये म्हणून चासीला काय लावलंय, गिअरचं तेल कुठून भरायचं, शून्याखाली तीसला बॅटरी उचलेल का, सगळं विचारायचा. एवढं त्यानं एक्केचाळीस वर्षांत कधी विचारलं नसेल.

दुकान शहरात, ऐंशी मैलांवर. दोन्ही कंपन्यांचे ट्रक एकाच ठिकाणी. विक्रेता कोल्बी नावाचा, दात पांढरेशुभ्र, बुटांवर मातीचा कण नाही. त्यानं आधी शहाणा ट्रक सुरू केला.

"हा बघा साहेब, हा तुमच्याशी बोलतो."

"कशाबद्दल?" व्हर्लिननं विचारलं.

कोल्बी जरा अडखळला. "म्हणजे रस्ता सांगतो. हवामान सांगतो. आणि स्टिअरिंग गरम होतं."

"मी हातमोजे घालतो."

मला हसू आवरेना. कोल्बीनं मग आर्लिसकडे मोर्चा वळवला, "आजी, तुम्हाला कोणता आवडला?" आर्लिस तोवर टिकेलवाल्याचं दार उघडून चालकाच्या जागेवर जाऊन बसली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, नजर समोरच्या काचेच्या भिंतीवर. "निघायचं का?" ती म्हणाली. व्हर्लिननं तिला हळूच खाली उतरवलं. तिथल्या तिथे ठरलं, हाच घ्यायचा.

आता माझं पाप ऐका. आम्ही इंजिन पाहिलं, गिअर पाहिले, चासी पाहिली, खाली झोपून पाइप पाहिले. चालवूनही पाहिला, हमरस्त्यावर आणि खडीच्या रस्त्यावर. एकच गोष्ट पाहिली नाही. चालू ट्रकमधून उतरून पाहिलं नाही. आम्हाला ते सुचलंच नाही. ट्रक जात असताना माणूस खाली उतरतो यात विचारण्यासारखं काय आहे? दार उघडतं का, हे कोणी विचारतं का? आणि सुचलं असतं तरी त्या चकचकीत दुकानात, त्या पांढऱ्या दातांपुढे, "यात कोणी बसलं नसेल तर हा जातो ना हो?" असं विचारायची लाज वाटली असती. एक्केचाळीस वर्षं ट्रक उघडले मी, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. गाढव मी!

डिसेंबरच्या चार तारखेला सकाळी त्याचा फोन.

"रॉयस. ट्रक जात नाही."

"सुरू होत नाही?"

"सुरू होतो. मी उतरलो की थांबतो."

मी हसलो. खरंच हसलो, ते अजून आठवतं. मग गाडी काढून गेलो. कुरणात ट्रक उभा, सभोवती गायी हंबरतायत, आर्लिस आत बसून हॉर्न वाजवतेय. व्हर्लिननं करून दाखवलं. गिअर टाकला, ब्रेक सोडला, ट्रक हळूहळू निघाला. त्यानं पट्टा सोडून दार उघडलं मात्र, कट्‌ असा आवाज झाला आणि ट्रक जागच्या जागी रुतल्यासारखा थांबला. गिअर आपोआप निघाला. तळहाताएवढ्या स्क्रीनवर अक्षरं आली, चालक जागेवर नाही.

"असं कसं थांबतो, बघतोच," म्हणत मी बाह्या सरसावल्या. पट्टा सीटच्या मागून नेऊन आधीच अडकवला. नाही. सीटवर गायींच्या मिठाची पन्नास पौंडांची गोणी ठेवली. नाही, दार उघडलं की त्याला कळायचंच. चारही चाकांच्या हळू गिअरमध्ये टाकून पाहिला. नाही. मग दार न उघडता मागच्या खिडकीतून हौद्यात जायचं ठरलं. शहात्तर वर्षांचा माणूस, जाड कोट घातलेला, त्या वीतभर खिडकीत कमरेपर्यंत गेला आणि अडकला. मी मागून ढकलतोय, तो पुढे लोंबकळतोय, आर्लिस टाळ्या पिटून हसतेय. बाहेर ओढून काढला तेव्हा त्याच्या कोटाचं बटण तुटून हौद्यात पडलं होतं. त्यानं ते आधी शोधून काढलं, खिशात टाकलं.

मी दुकानात फोन लावला. कोल्बी म्हणाला, "साहेब, ते तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे."

"ते बंद कर."

"बंद करता येत नाही. आणि दोन्ही ट्रकांत आहे ते."

"मग जुन्या काळचं काहीतरी दे!"

"साहेब," तो अगदी गोडपणे म्हणाला, "चालू ट्रकमधून कोण उतरतं?"

त्याला मी काय म्हणालो ते इथे सांगत नाही.

मी तारा उघडून पाहिल्या. एक फ्यूज काढला तर ट्रक जागचा हलेना, दुसरा काढला तर वायपर गेले. सगळं एकमेकांत विणलेलं. मी हात टेकले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक चांगला, धडधाकट, काही म्हणजे काही न बिघडलेला ट्रक मला दुरुस्त करता आला नाही.

डिसेंबरभर मी रोज गेलो. मी पुढे, तो मागे. तासाभरात काम उरकायचं. मी टपावरच्या थापा ऐकायचो, एक, दोन, आणि बाजूला बसलेली आर्लिस प्रत्येक थापेला मान हलवायची. मी एकदा थांबायला उशीर केला तर म्हणाली, "कान फुटले का तुझे? दोनदा वाजवलं ना त्यानं!" मला कोण म्हणून ओळखत होती देव जाणे.

जानेवारीत माझ्या खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन होतं. वर्षभर पुढे ढकललेलं, आता डॉक्टर ऐकेनात. मी व्हर्लिनला म्हणालो, "कोणीतरी माणूस बघ." कोण माणूस? शेजारचे लारगार्ड विकून गेले. तरणी मुलं तेलाच्या विहिरींवर. गावात सूचना लावली, एक जण आला, दोन दिवस टिकला. जुना ट्रॅक्टर होता, पण त्याला केबिन नाही, आर्लिसला त्यावर कुठे बसवणार? एक दिवस व्हर्लिननं नव्या ट्रकवर एकट्यानंही करून पाहिलं, दर दहा पावलांवर थांबायचं, उतरायचं, चढायचं, टाकायचं, उतरायचं, परत चालवायचं. चार तास लागले. गुडघा भोपळ्याएवढा सुजला, आणि बाकीच्यांनी गवत तुडवल्यानं पाच गायी उपाशी राहिल्या. दवाखान्यात निघताना मी म्हणालो, "निम्म्या गायी विकून टाक."

"निम्म्या विकल्या तरी ट्रक तसाच थांबतो," तो म्हणाला.

ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. शहरातल्या दवाखान्यात मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि त्याचा फोन आला. त्याच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

"रॉयस, आर्लिस चालवते!"

"काय चालवते?"

"ट्रक. मी तिला पुढे बसवलं. पट्टा लावला. एकदा वाजवलं, तिनं ब्रेक सोडला. दोनदा वाजवलं, थांबली. चार दिवस झाले."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी एवढ्यानं ओरडलो की नर्स धावत आली. "तुझं नाव तरी आठवतं का तिला?"

"नाव नाही आठवत," तो म्हणाला. "वाजवलेलं आठवतं."

मी तेव्हाच टॉडला फोन करायला हवा होता. शेरिफला करायला हवा होता. नाही केला. फेब्रुवारीत काठी टेकत स्वतः बघायला गेलो, खडसावायला म्हणून. आणि पाहिलं काय, तर आर्लिस पुढे बसलीय, डोक्याला निळा रुमाल, पाठ ताठ, हात जागच्या जागी. घरात ती खुर्चीत गोळा होऊन बसायची, बटणांशी चाळा करत. ट्रकमध्ये ती अगदी पहिली आर्लिस होती. मी दार उघडलं तर माझ्यावरच खेकसली, "दार लाव की, गार वारा येतोय! काम चाललंय दिसत नाही?" मागे व्हर्लिन सुतळी कापत होता, गायींची लांब ओळ शांतपणे खात मागे येत होती. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं, आम्ही रस्त्यात समोरच्याला ओळख दाखवायला करतो तसं. तो हसत होता.

मी दार लावलं. ट्रकला चालक हवा होता, त्याला चालक दिसत होता, आणि मलाही दिसत होता. मी मनात म्हणालो, मेपर्यंत निभेल, मेमध्ये गवत येईल.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी मी नेहमीसारखा टपाल आणि पाव घेऊन गेलो. आदल्या दिवशी बर्फ झालं होतं, गुडघाभर. घरात कोणी नाही, चुलीवरची कॉफी आटलेली, अकरा वाजून गेलेले. एवढा वेळ कधी लागायचा नाही. कुरणाच्या फाटकातून आत गेलो तर पार टोकाच्या कुंपणाशी ट्रक उभा दिसला. हौद्यात निम्मे गठ्ठे तसेच, गायी चढायला बघतायत, वर व्हर्लिन नाही.

दार उघडलं. इंजिन चालू, आत छान ऊब. आर्लिसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. स्क्रीनवर लिहिलेलं, पुढे अडथळा आहे, ट्रक थांबवला आहे.

"आर्लिस, व्हर्लिन कुठेय?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी नाही थांबवला," ती म्हणाली. "त्यानं दोनदा वाजवलं नाही. मी थांबले नाही. हाच आपला आपण थांबला."

मी चाकांच्या खुणांवरून मागे गेलो. काठीनं, धडपडत. अर्ध्या मैलावर तो सापडला. गठ्ठा ओढताना ओलं गवत सरकलं असणार, मागच्या फळीवरून खाली आला होता, खुबा मोडला होता. बर्फात हातांनी स्वतःला ओढल्याची रेघ होती, ट्रकच्या दिशेनं, जेमतेम पन्नास पावलांची. फोन ट्रकमध्ये राहिला होता. तीन तास तो तिथे पडला होता आणि ती कुंपण येईपर्यंत पुढे जात राहिली होती, ठरल्याप्रमाणे, दोन थापांची वाट बघत. तिनं काही चुकवलं नव्हतं. जन्मात एकदाही चुकवलं नव्हतं.

तो शुद्धीवर होता. ओठ निळे. मी कोट काढून त्याच्यावर घातला, मदतीला फोन लावला, आणि रडत होतो, लाज वाटून काय करू? तो म्हणाला, "ती कुंपणाला लागली का?"

"नाही. ट्रक थांबला."

"हं," तो म्हणाला. "चांगला ट्रक आहे."

हे तो मनापासून म्हणाला की मला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून ठरवता येत नाही. अकरा दिवसांनी दवाखान्यात न्यूमोनियानं गेला.

टॉड आला, गायी विकल्या, घराला कुलूप लावलं, आर्लिसला केलरच्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवलं. सगळं दोन आठवड्यांत. मी त्याला दोष देत नाही, त्यानं दुसरं काय करायचं होतं? ट्रक तो स्वतः चालवत ॲरिझोनाला घेऊन गेला. गेल्या महिन्यात फोन केला होता. "रॉयस, ट्रक काय निवडला होतात हो तुम्ही! एक दिवस कुरकुर नाही. एक दिवस नाही!" मी म्हणालो, मला एक काम आहे, आणि फोन ठेवला.

मी दर गुरुवारी आर्लिसकडे जातो. तिला भेटायला म्हणवत नाही, कारण ती भेटत नाही. ती चालत असते. सकाळी उठली की त्या लांब बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू, एका चालीनं, हात पोटापुढे धरलेले, गोल काहीतरी पकडल्यासारखे. टोकाला भिंत आली की वळते आणि परत. जेवायला बसत नाही. पाय सुजलेत. तिथली परिचारिका, मार्गिट म्हणून आहे, चांगली बाई, एकदा रडकुंडीला येऊन मला म्हणाली, "हाक मारली तर ऐकत नाही, हात धरला तर झिडकारते. हिला थांबवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा."

मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण हात उचलत नव्हता. त्या गुरुवारी ती माझ्यासमोरून गेली, सुजलेल्या पायांनी, आणि मला बघवेना. मी बोळातल्या दारावर दोनदा थाप मारली.

ती थांबली. जागच्या जागी, पाठ ताठ. किती तरी महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. पुढे बघतच म्हणाली, "झालं सगळ्यांना घालून?"

"झालं, आर्लिस," मी म्हणालो. "सगळ्या खातायत. बस आता जरा."

मार्गिटनं खुर्ची आणली. पण ती बसली नाही. मान किंचित कलती करून, कान मागे लावून तशीच उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मार्गिट म्हणाली, "काय करतायत या?" मी म्हणालो, "वाट बघतेय." जेवणाची गाडी आली आणि गेली. अर्धा तास झाला, तिचे पाय थरथरायला लागले, तरी ती हलेना. अख्खा दिवस ती तशी उभी राहिली असती, तिला मी ओळखतो.

मग मी दारावर एकदा थाप मारली आणि ती निघाली.